मालवणच्या शेडमध्ये स्नोमोबाइलची चेसिस

प्रश्न: काका, मी मालवणचा. मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजच्या बाजा टीममध्ये (विद्यार्थ्यांनी बनवलेल्या ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा) दोन वर्षं रोलकेजचं काम केलंय. मनालीच्या मित्राकडे एक जुनी स्नोमोबाइल आहे, म्हणजे पुढे स्की आणि मागे रबरी पट्टा असलेली बर्फावरची गाडी. इंजिन, ट्रॅक, सस्पेन्शन चांगलं आहे, पण दगडावर आपटून चेसिस वाकली. घरच्या शेडमध्ये मला तिच्यासाठी हलकी चेसिस बनवायची आहे. ६०६१ ह्या मिश्रधातूचे ॲल्युमिनियम पाईप आर्गॉनने वेल्ड करून फ्रेम करावी असा विचार आहे. ट्रायल तारकर्लीच्या वाळूत घेता येईल का?

उत्तर:

तुझ्या शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो. बाकी सगळं नीट करून तू तिथेच माती खाशील. ती गाडी वाळूत नेऊ नकोस.

स्नोमोबाइलचा रबरी पट्टा, तू ज्याला ट्रॅक म्हणतोस तो, आतून दोन लांब पट्ट्यांवर घसरत फिरतो. त्या पट्ट्या एका टणक पॉलिथिनच्या असतात आणि साधारण १३०-१३५ अंशांना वितळतात. बर्फात पट्ट्याबरोबर सतत बर्फ आत येतो, त्याचं पाणी होतं, तेच वंगण आणि तेच थंड करणारं. वाळूत पाणी नाही, वर प्रत्येक कण कानशीसारखा. काही मिनिटांत प्लॅस्टिक जळल्याचा वास येईल. लिक्विड कूल्ड इंजिनाचंही तसंच. त्याला गाडीसारखा पंखा-रेडिएटर नसतो, कूलर पट्ट्याच्या वरच्या छताला आतून चिकटवलेले असतात आणि पट्ट्याने उडवलेला बर्फ त्यांच्यावर आदळतो. बर्फ नाही म्हणजे कूलिंग नाही. शिवाय किनाऱ्यावर गाड्या फिरवायला बंदी असते ती काही उगाच नाही. वेळास-आंजर्ल्यापासून खालपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात ह्याच वाळूत अंडी घालतात.

मी नऊ हिवाळे क्वेबेकमध्ये एका वर्कशॉपात ह्याच गाड्या उघडत-जोडत होतो. आता रत्नागिरीजवळ मिऱ्याला ट्रॉलरची ॲल्युमिनियमची कामं करतो. माझा वेंगुर्ल्याचा मदतनीस तुझा प्रश्न ऐकून म्हणाला, "रे बाबा, हयसर बर्फ खंय गावतला?" त्याचं बरोबर आहे, पण चेसिस बनवायला बर्फ लागत नाही. तिची खरी परीक्षा टेबलावरच होते. त्याबद्दल पुढे.

आधी तुझ्या डोक्यातून बाजा काढू. बाजाच्या नियमात एक इंच व्यासाचा, ३ मिमी जाडीचा स्टीलचा पाईप हे मोजमाप असतं, कारण तिथे गाडी उलटली तर पोराचं डोकं वाचवायचं असतं. म्हणून तुम्ही पिंजरा बनवता आणि इंजिन-सस्पेन्शन त्या पिंजऱ्याला लटकवता. स्नोमोबाइलमध्ये पिंजरा नसतो. तिथे चालक गाडीच्या आत नसून वर असतो आणि गाडी उलटली तर त्याने बाजूला फेकलं जावं हेच अपेक्षित असतं. तुझा पाईप-फ्रेमचा विचार बाजातून आलाय. तो सोडलास तर बरंचसं वजन तिथेच कमी होईल.

स्नोमोबाइलचा कणा म्हणजे पत्र्याचं टनेल. आपल्याकडे पोफळीचं खोड उभं चिरून पाटाच्या पाण्यासाठी पन्हळ करतात ना, ती उलटी घाल. झालं टनेल. खाली पट्टा आणि त्याचं सस्पेन्शन, वर सीट, दोन्ही बाजूंना पाय ठेवायच्या फळ्या. पन्हळ पातळ असूनही दोन टेकूंच्या मध्ये वाकत नाही ती तिच्या आकारामुळे. टनेलचंही तेच. पुढच्या टोकाला बल्कहेड असतं. हा शब्द तुला बोटीतून माहीत असेलच, इथे त्याचा अर्थ स्कीचे आर्म, शॉक आणि इंजिनाचा पुढचा भार घेणारी पेटी. ह्या दोघांना वरून जोडणारे तिरके पाईप स्टिअरिंगच्या डोक्याशी एकत्र येतात, तंबूच्या काठ्यांसारखे. स्की-डूने २००३च्या मॉडेलपासून हा पिरॅमिड आणला आणि चालकाला पुढे सरकवलं. त्यानंतर ह्या गाड्यांची बांधणीच बदलली. तुझ्या मित्राची गाडी त्याआधीची आहे की नंतरची, ते मला आधी कळव. जुनी असेल तर वरचे पाईप नसतीलच आणि तुझा सगळ्यात मोठा फायदा ते घालण्यात आहे.

आता आकडे. टनेलचा पत्रा उलगडला तर साधारण १.४ मीटर लांब आणि ९५ सेंटिमीटर रुंद होतो, म्हणजे १.३३ चौरस मीटर. १.६ मिमीच्या ॲल्युमिनियममध्ये त्याचं वजन पावणेसहा किलो. तेवढ्याच जाडीच्या स्टीलमध्ये पावणेसतरा. हा अकरा किलोचा फरक तुला फुकट मिळतो, कारण टनेलला ताकद पत्र्याच्या आकारातून येते.

पाईपांचं गणित जरा वेगळं आहे. ॲल्युमिनियमची घनता स्टीलच्या एक तृतीयांश, पण कडकपणाही एक तृतीयांशच. म्हणून त्याच व्यासाचा, त्याच जाडीचा पाईप ॲल्युमिनियममध्ये घेतलास तर हलका झाला खरा, पण स्प्रिंगसारखा झुलेल. व्यास वाढवावा लागतो. २५.४ मिमी व्यासाचा, १.६ जाडीचा स्टीलचा पाईप मीटरला ९४० ग्रॅम भरतो. ३२ बाय २ चा ॲल्युमिनियम पाईप ५१० ग्रॅम, आणि वाकण्याला त्याचा कडकपणा स्टीलच्या पाईपच्या ८५ टक्क्यांच्या आसपास. ३८ बाय २ घेतलास तर ६१० ग्रॅममध्ये स्टीलच्या दीडपट कडक. मी ३८ घेईन. शंभर ग्रॅमसाठी कद्रूपणा करण्याची ही जागा नाही.

एक गोष्ट मात्र मनाशी धर. आजची डोंगरात चालवायची हलकी गाडी कोरडी, म्हणजे पेट्रोल-तेलाशिवाय, १९०-२०० किलोच्या घरात असते. त्यात नुसत्या सांगाड्याचा वाटा थोडा, इंजिन, पट्टा आणि सस्पेन्शन हेच भारी. तू चेसिसमधून दहा-बारा किलो कमी केलेस तर ते मोठं काम झालं. चाळीस किलो कमी करीन म्हणालास तर कुठेतरी काहीतरी तुटणार आहे.

आता वेल्डिंग. तुझ्या बेतातली ही गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

६०६१-टी६ मधलं 'टी६' म्हणजे उष्णतेने दिलेली ताकद. कारखान्यात तो धातू ५३० अंशांच्या आसपास तापवून पाण्यात विझवतात आणि मग १६०-१७५ अंशांना तासन् तास भाजतात. तू आर्गॉनचा टॉर्च लावलास की वेल्डच्या दोन्ही बाजूंना इंचभर पट्ट्यात ही ताकद उतरते, सुमारे ४० टक्के. पुन्हा आणायची तर पूर्ण चेसिस मावेल एवढी भट्टी हवी. ती तुझ्या शेडमध्ये नाही, माझ्याकडेही नाही. त्यात ॲल्युमिनियमला स्टीलसारखी थकव्याची तळरेषा नसते. स्टीलमध्ये एका मर्यादेखाली ताण ठेवलास तर ते लाखो धक्के सोसतं. ॲल्युमिनियम लहान धक्क्यांचाही हिशेब ठेवतं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. तिसऱ्या हिवाळ्यात मी स्वतःसाठी एक गाडी बांधली होती. सस्पेन्शनचा पुढचा आर्म टनेलला जिथे धरतो तिथे मी ६०६१ची छान पेटी वेल्ड केली. शिवण अशी की वर्कशॉपातले लोक फोटो काढून गेले. चारशे किलोमीटर चालली. मग एका उताराखाली आर्म पेटीसकट सुटला. क्रॅक वेल्डमध्ये नव्हताच, वेल्डपासून अर्धा इंच बाजूला केसासारखा सरळ गेला होता. म्हणजे माझा वेल्ड उत्तम होता आणि त्याच्या शेजारचा धातू मी स्वतः मऊ केला होता. गुडघाभर बर्फातून चार किलोमीटर चालत परत आलो. त्यानंतर टनेलला टॉर्च लावलेला नाही.

कारखानेही टनेल आणि बल्कहेड रिव्हेटने जोडतात, आणि पोलारिसने २०११च्या डोंगरी मॉडेलात चेसिस स्ट्रक्चरल गोंदाने चिकटवली. गोंद आणि रिव्हेट एकत्र, हीच तुझ्यासाठी वाट. भार पूर्ण कडेवर पसरतो, धातू तापत नाही, आणि चुकलं तर रिव्हेट ड्रिल करून काढता येते. वेल्ड चुकला तर ग्राइंडर घेऊन रडत बसायचं.

पत्रा ६०६१चा घेऊ नकोस, ५०५२-एच३२ घे. ताकद थोडी कमी, पण तो वाकतो. ६०६१-टी६ घट्ट वाकवलास तर बाहेरच्या बाजूला चिरतो. वाकवायला मोठं मशीन शोधत कोल्हापूर गाठायची गरज नाही. कुडाळच्या एमआयडीसीत किंवा कुठल्याही लोखंडी कपाटं बनवणाऱ्याकडे पत्रा वाकवायचं मशीन असतं. त्याची धार मात्र कपाटाच्या काटकोनासाठी तीक्ष्ण असते. त्या धारेवर दीड-दोन मिलिमीटरची पत्र्याची पट्टी गुंडाळ, म्हणजे वाक थोडा गोल येईल. पत्र्यावर रोलिंगच्या बारीक रेषा दिसतात. वाकायची रेघ शक्यतो त्यांना आडवी ठेव. पहिला वाक भंगाराच्या तुकड्यावर करून बघ आणि बाहेरची कड भिंगाखाली तपास.

रिव्हेट साध्या पॉप रिव्हेट नकोत, त्या खिडकीला ठीक. ४.८ मिमीच्या स्ट्रक्चरल ब्लाइंड रिव्हेट माग, ज्यांची आतली तार तुटल्यावरही आत अडकून राहते. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला चौकशी कर. कडेपासून किमान १० मिमी आत, दोन रिव्हेटमध्ये २० ते २५ मिमी अंतर. आधी सगळी भोकं ३.२ला पाड, दर चौथ्या भोकात ३ मिमीचा नट-बोल्ट घालून दोन्ही पत्रे एकमेकांना धरून ठेव, मग एकेक करून मोठी कर. भोकाची धार उतरवल्याशिवाय रिव्हेट मारायची नाही. गोंदाआधी दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासून ॲसिटोनने पुसायचे आणि तासाभरात चिकटवायचे. हे काम जून ते सप्टेंबर अजिबात करू नकोस. आपल्याकडे पावसात पुसलेल्या पत्र्यावर पाच मिनिटांत दमट थर येतो. गोंद धरल्यासारखा वाटतो आणि पुढच्या थंडीत पापडासारखा सुटतो.

जिथे वेल्ड टाळता येणार नाही, उदाहरणार्थ वरच्या पिरॅमिडच्या टोकाला, तिथे टोकाचा तुकडा जाड घे आणि जोड मोठा कर, म्हणजे ४० टक्के गमावूनही उरेल. किंवा तो तुकडा घन ठोकळ्यातून मशीनिंग करून घे आणि पाईप त्यात घालून बोल्ट लाव. मी दुसरा पर्याय घेईन. वेल्ड केलाच तर ५३५६ची काडी, एसी टीआयजी (तुझं आर्गॉन वेल्डिंग), आणि फक्त ॲल्युमिनियमसाठी वेगळा ठेवलेला स्टेनलेस ब्रश. वरचा ऑक्साइडचा थर दोन हजार अंशांच्या वर वितळतो आणि खालचा धातू साडेसहाशेच्या आसपास, त्यामुळे ब्रश न करता टॉर्च लावलास तर आतलं पाणी होईल आणि वरची साय तशीच राहील. काड्या बंद डब्यात ठेव. समुद्राच्या हवेत उघड्या ठेवलेल्या काड्यांनी वेल्डमध्ये जाळीसारखी छिद्रं पडतात.

स्टील अजिबात नको असं नाही. स्कीचे आर्म, स्पिंडल ह्यांना मी स्टीलच ठेवतो, कारण दगडावर आदळल्यावर ते वाकतं, तुटत नाही. पण उणे तापमानात साधं स्टील काचेसारखं होऊ शकतं. आयएस २०६२ ह्या स्टीलच्या भारतीय मानकात ए, बीआर, बी-शून्य आणि सी असे प्रकार आहेत. सी म्हणजे उणे २० अंशांना आघात-चाचणी केलेलं. दुकानदार 'सगळं सेमच' म्हणेल, तू टेस्ट सर्टिफिकेट माग. ॲल्युमिनियम मात्र थंडीत ठिसूळ होत नाही.

थंडीचा आणखी एक खेळ आहे, जो इथे शेडमध्ये बसून लक्षात येत नाही. तुझ्या शेडमध्ये ३२ अंश, मनालीजवळ सोलंगला पहाटे उणे १५ धर. दीड मीटरचं ॲल्युमिनियम टनेल तेवढ्यात १.६ मिमी आखडतं, स्टीलची पट्टी ०.८५. टनेलला तू लांब स्टीलचा मजबुतीचा अँगल दोन्ही टोकांना घट्ट रिव्हेट केलास तर ते पाऊण मिलिमीटर जायचं कुठे? पत्रा फुगतो किंवा रिव्हेटची भोकं लांबट होतात. टनेलला मजबुती द्यायची तर ॲल्युमिनियमचीच दे. आणि जिथे स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियमला टेकतो तिथे झिंक क्रोमेट प्रायमर आणि नायलॉनचा वॉशर. मनालीच्या कोरड्या हवेत चालेल, पण चेसिस तुझ्याकडे वर्षभर पडून राहणार आहे आणि खाऱ्या हवेत स्टेनलेसच्या बोल्टाशेजारी ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीत जातं. आमच्या जेट्टीवर येऊन बघ.

मापं आता. जुन्या वाकलेल्या चेसिसवरून टेपने मापं घेऊन नवीन बनवणं म्हणजे वाकडेपणाची झेरॉक्स काढणं. जो भाग वाकलेला नाही त्याच्याकडून माप घे, आणि ते भाग म्हणजे फिरणारे भाग. ड्राइव्ह अ‍ॅक्सल, वरचा जॅकशाफ्ट (क्लचकडून चेनकडे जोर नेणारा दांडा), चेनकेस (त्या चेनची पेटी), सस्पेन्शनचे दोन आर्म, इंजिनाचे पाय, स्कीचे आर्म. ह्यांची टेकायची ठिकाणं मोजलीस तर वीस-बावीस बिंदू होतात. चेसिस म्हणजे हे बिंदू हवेत बरोबर जागी धरून ठेवणारी वस्तू, बाकी काही नाही. पूर्वीचे सुतार होडीचे वांक (बरगड्या) आधी फळीवर बेतून घेत, तसं हे बिंदू १२ मिमीच्या मरीन प्लायवर बेत. प्लायची चेसिस बनव, त्यात खरा अ‍ॅक्सल घाल, खरा पट्टा चढव, हाताने फिरव. लाकडात चूक दोनशे रुपयांत सुटते.

पट्ट्याची पिच, म्हणजे आतल्या दोन दातांमधलं अंतर, मोजल्याशिवाय काहीही कापू नकोस. २.८६ इंचाची पिच आणि आठ दातांचा ड्रायव्हर (पट्टा फिरवणारं दातेरी चाक) असेल तर त्याचा परीघ २२.८८ इंच, म्हणजे व्यास १८५ मिमी. त्यावर पट्ट्याची जाडी आणि दोन इंची लग (पट्ट्याच्या बाहेरचे रबरी दात) धरलेस तर अ‍ॅक्सलच्या केंद्रापासून लगच्या टोकापर्यंत १५० मिमी होतात. वेगात पट्टा फुगतो, म्हणून वर आणखी २५ मोकळे ठेव. कूलर छताला आतून लागतो तेही धरायचं. हे विसरलेला एक भिडू मी पाहिलाय, त्याच्या लगांनी पहिल्या दिवशीच कूलर फाडला.

जिगसाठी, म्हणजे जोडताना सगळं जागच्या जागी धरायला, ७५ मिमीच्या लोखंडी चॅनेलचं टेबल पुरे, सव्वादोन मीटर बाय ९० सेंटिमीटर. पातळी पाण्याच्या लेव्हल ट्यूबने बघ, स्पिरिट लेव्हलच्या बबलवर जाऊ नकोस. अ‍ॅक्सल आणि जॅकशाफ्ट समांतर हवेत, आणि दोन्ही टनेलच्या मध्यरेषेला काटकोनात. मध्यरेषेसाठी सुतळी ताण आणि दोन्ही टोकांना ओळंबा सोड. जॅकशाफ्ट तिरका राहिला तर क्लचचा बेल्ट तासाभरात जळतो आणि माणूस बेल्ट बदलत राहतो. चेनकेसची बेअरिंगची भोकं घरी करू नकोस, घाट चढून कोल्हापूरजवळ शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला कोणाकडून तरी बोअर करून आण.

आता वाळूऐवजी काय ते. टनेलचं मागचं टोक टेबलाला बोल्टने आवळ. बल्कहेडला आडवी तुळई अशी बांध की ती मध्यरेषेपासून एका बाजूला एक मीटर बाहेर येईल, आणि तिच्या टोकाला २५ किलो लटकव. म्हणजे सुमारे २४५ न्यूटन-मीटरचा पीळ. मध्यरेषेपासून २०० मिमीवर डायल गेज लाव. त्यावर एक मिलिमीटर म्हणजे ०.२९ अंश पीळ. आधी वरचे तिरके पाईप काढून मोज, मग लावून. फरक बघून तुला कळेल की पाईप कुठे काम करतात आणि कुठे फक्त वजन वाहतात. मग एका स्कीच्या स्पिंडलखाली जॅक लाव आणि १५० किलो येईपर्यंत उचल, टनेलवर सिमेंटच्या पोत्यांचा भार ठेवून. उतरव. गेज शून्यावर परत आला तर ठीक. नाही आला, ०.२ जरी राहिला, तरी कुठेतरी धातू कायमचा वाकलाय किंवा रिव्हेट सरकलीय. प्रत्येक रिव्हेटशेजारी मार्करने रेघ ओढून ठेवलेली असेल तर सरकलेली लगेच दिसते. हे दहा वेळा कर, दोनदा करून खूश होऊ नकोस.

इंजिन लावल्यावर मागचं टोक स्टँडवर उचलून पट्टा हळू फिरवून बघता येतो, आतल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर सतत पाणी मारत, मिनिटभरच. मागे कोणीही उभं राहायचं नाही. क्लचवरचं झाकण आणि मनगटाला बांधायची किल-स्विचची दोरी ह्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. क्लचचा बेल्ट तुटला तर तो मांडीच्या उंचीवर सुटतो. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर मालवणात लावलेली जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) सोलंगला, अडीच हजार मीटरवर, जड पडेल, धूर ओकेल. ते तिथे गेल्यावर मित्राला बदलू दे. उलट मात्र करू नकोस, तिथली बारीक जेट इथे समुद्रसपाटीला लावलीस तर टू-स्ट्रोकचा पिस्टन वितळतो.

पाहिजे तर पीळ मोजायचं काम माझ्या टेबलावर कर. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत आणि नारळी पौर्णिमेच्या तोंडावर इथे ट्रॉलर एकावर एक असतात, तेव्हा कोणी तुझ्याकडे बघणार नाही. दिवाळीनंतर टेबल मोकळं असतं. येताना मित्राकडून ड्राइव्ह अ‍ॅक्सल आणि चेनकेस मागवून घेऊन ये. फोटो नको, वस्तू आण.